मेंढरं बघायला स्पेनला

माझ्या धाकट्या दिराला त्याच्या पुण्याच्या कंपनीनं दोन वर्षांसाठी माद्रिदला पाठवलं, तेव्हा डोंगरकडा या आमच्या गावी, आमच्या घरात स्पेन कुठं आहे हे फक्त मला ठाऊक होतं, आणि तेही नकाशापुरतं. मी गावातल्या शाळेत भूगोल शिकवायची. वर्गातल्या नकाशात स्पेन पिवळ्या रंगाचा होता आणि नेमका तिथंच कागद फाटून चिकटपट्टी लावलेली होती. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत आमच्याकडं मोबाईल नुकते आले होते आणि इंटरनेट बघायचं तर आखाडा बाळापूरला टायपिंगच्या क्लासमध्ये जावं लागायचं. माझ्या नवऱ्याचं बाळापूरला खता-औषधांचं दुकान होतं. दर शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की मी त्याच्या दुकानावर जायची, तिथून क्लासमध्ये, आणि दिराचं पत्र कागदावर छापून घरी आणायची.

त्या पत्राची वाट सगळ्यात जास्त बघायच्या माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. आत्याबाईंकडं ऐंशी मेंढरं होती. मधे काही वर्षं सासऱ्यांचा गुडघा धरला होता, तेव्हापासून कळप त्याच फिरवायच्या. मी हिंगोलीच्या एका कारकुनाची मुलगी, लग्न होऊन आले तेव्हा मला मेंढी आणि बोकड यातलाही फरक चटकन कळायचा नाही. आत्याबाई त्यावरून मला कधी हसल्या नाहीत. एवढंच म्हणायच्या, "शिकशील. मेंढरू काय पळून न्हाई चाललं."

एका नोव्हेंबरात दिराच्या पत्रासोबत एक फोटो आला. काळा-पांढराच छापला, कारण क्लासमधल्या यंत्रात रंग नव्हता. मोठा रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना चार-पाच मजली दगडी इमारती, कडेला दाटीवाटीनं उभी माणसं, आणि रस्ता भरून मेंढरं. शेकड्यांनी मेंढरं. दिरानं खाली लिहिलं होतं, "वहिनी, हे मायला दाखवा. मी ऑफिसला निघालो होतो, रस्त्यात ही."

आत्याबाईंनी तो कागद उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला.

"गाड्या कुठं हायेत?" त्यांनी विचारलं.

"थांबवल्यात."

"कोन थांबवल्या?"

मी पत्रातलं वाचून सांगितलं. त्या देशात मेंढरांच्या फार जुन्या वाटा आहेत. थंडीत डोंगरावरून खाली आणि उन्हाळ्यात खालून वर, अशी मेंढरं त्या वाटांनी जातात. वाट आधीची, शहर मागून वाढलं. कायद्यानं त्या वाटेवर मेंढरांचा हक्क आहे, आणि तो कुणी विसरू नये म्हणून वर्षातून एकदा मेंढपाळ कळप घेऊन राजधानीच्या मधोमध चालत जातात. पोलीस वाहनं थांबवतात. लोक टाळ्या वाजवतात.

"टाळ्या," आत्याबाई म्हणाल्या. मग त्यांनी कागदाची घडी घालून ती कमरेच्या पिशवीत ठेवली.

यात त्यांना एवढं काय वाटलं ते मला कळत होतं. सुगी झाली की त्या कळप घेऊन नांदेडच्या मोठ्या रस्त्यानं बाळापूरच्या बाजूला जायच्या. तिकडचे शेतकरी रिकाम्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे, लेंड्यांचं खत मिळतं म्हणून. दोन-तीन मैलांची ती वाट म्हणजे हॉर्न आणि शिव्या. एका वर्षी एक ट्रक तीन मेंढ्या चिरडून गेला आणि थांबलाही नाही. त्या दिवसापासून आत्याबाई रस्त्यावर चढताना पदर खोचून, काठी आडवी धरून चालायच्या.

दोन दिवसांनी भाकरी थापता थापता त्यांनी विचारलं, "किती लांब हाय ते?"

मी म्हटलं, "इमानानं एक दिवस."

"दरसाल चालवतेत म्हनतो ना तो?"

"दरसाल."

"पुढल्या साली जाऊ मंग."

मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या. तव्यावरची भाकरी उलटून त्यांनी पुन्हा माझ्याकडं पाहिलं आणि मी दिराला लिहायला कागद शोधायला उठले.

दिराला कळवलं तर तो आमच्यापेक्षा चेकाळला. तिकिटाचं मी बघतो, राहायला माझी खोली आहे, वहिनी तुम्ही मायसोबत या, असं त्यानं एका दिवसात तीनदा लिहिलं. नवरा म्हणाला, दुकान सोडून मला जमणार नाही, आपल्या लेकराला मी बघतो, तू जा. राहिले सासरे. त्यांना आम्ही मामा म्हणायचो. त्यांना कसं विचारावं याचा आम्ही दोघींनी आठवडाभर विचार केला. शेवटी जेवताना मी विषय काढला.

मामा म्हणाले, "मी इमानात बसत न्हाई. तुमी जा. मेंढरं मी बघतो."

आणि ते आमटी वाढून घेऊन जेवायला लागले. आत्याबाई हिरमुसल्या. "एवढ्या लवकर काहून व्हय म्हनले?" त्या मला मागं म्हणाल्या. "काहीतरी हाय यांच्या डोक्यात."

पासपोर्टसाठी जन्मतारीख हवी होती आणि आत्याबाईंना ती नव्हती. त्या शाळेत गेल्याच नव्हत्या. कळमनुरीला कोर्टाजवळ झाडाखाली एक अर्जनवीस टेबल टाकून बसायचे, त्यांच्याकडं आम्ही प्रतिज्ञापत्र करायला गेलो.

"जन्म कधीचा, मावशी?"

"निजामावर पोलीस ॲक्शन झाली, त्याच्या पुढल्या ज्वारीला."

अर्जनवीसांना हे नवं नव्हतं. त्यांनी बोटांवर हिशेब करून साल काढलं. "तारीख एक जानेवारी टाकतो. समदे तीच टाकतेत."

"समद्यांची मी काहून घेऊ?" आत्याबाई म्हणाल्या. "अन् जानेवारीत ज्वारी हिरवी राहते. काढनी फेब्रुवारीत."

"बरं, फेब्रुवारी. कोनती तारीख?"

आत्याबाई विचारात पडल्या. मागं दोन माणसं ताटकळली होती, तीही आता यात पडली. एकानं दहा सुचवली, दुसरा म्हणाला अमावस्या टाळा. आत्याबाईंनी मला विचारलं, धाकट्याचा वाढदिवस कधी असतो. मी म्हटलं, एकोणीस फेब्रुवारी.

"मंग मला ईस टाका. त्याच्यासाठी केलेलं गोड उरलेलं राहील."

परत येताना एसटीत त्यांनी मला चार वेळा विचारलं, "ईस फेब्रुवारी ना?" आणि दर वेळी हळूच स्वतःशी म्हणून बघितलं. साठीच्या जवळ आलेल्या बाईला त्या दिवशी वाढदिवस मिळाला होता. मी स्टँडवर दोघींसाठी पेढे घेतले.

मग पोलीस चौकशीला आले. एक हवालदार मोटारसायकलवरून आले, तेव्हा आत्याबाई नुकत्याच कळप घेऊन घरी येत होत्या. मेंढरांमधून वाट काढत हवालदार अंगणात आले आणि खाटेवर बसले.

"मावशी, परदेशात कशाला चालल्या?"

"मेंढरं बघाया."

हवालदारांनी अंगणात पाहिलं. एक कोकरू त्यांच्या बुटाची नाडी चघळून राहिलं होतं.

"इथं काय कमी हायेत का?"

"इथली बघितली की," आत्याबाई म्हणाल्या.

हवालदारांनी वहीत काय लिहावं याचा विचार केला आणि मला विचारलं. मी म्हटलं, पर्यटन लिहा. त्यांनी लिहिलं, चहा घेतला, आणि जाताना तिकडच्या मेंढरांचा फोटो आहे का म्हणून विचारलं. आत्याबाईंनी पिशवीतून ती घडी काढून दाखवली. हवालदार उभ्या उभ्या बघत राहिले. "अन् आमचेच लोक गाड्या थांबवून राहिले," ते म्हणाले. त्यांना त्याचं बरं वाटल्यासारखं दिसलं.

भाषेचा उद्योग मी माझ्याकडं घेतला. दिरानं शब्दांच्या याद्या पाठवल्या, मी त्या शाळेच्या वहीत देवनागरीत उतरवल्या आणि रोज संध्याकाळी आमचा वर्ग भरायला लागला. सदऱ्याला कामीसा. आत्याबाई म्हणाल्या, कमीज. टेबलाला मेसा. मेज. साबणाला हाबोन. नारंगीला नारान्हा. प्रत्येक शब्दाला आत्याबाई मान डोलवायच्या, ओळखीचं माणूस बाजारात भेटल्यासारख्या. "हे लोक आपल्याच बाजूचे दिसून राहिले," त्या म्हणाल्या. "शब्द कोनीतरी इकडून तिकडं नेलेत, न्हाई तर तिकडून इकडं आनलेत." लोकरीला तिकडं लाना म्हणतात. आत्याबाई घरभर "लाना, लाना" म्हणत फिरल्या की ओसरीवरून मामा हिंदीत विचारायचे, "क्या लाना?"

पण सगळ्यात जास्त मेहनत एका वाक्यावर झाली. माझ्याकडंही मेंढरं आहेत, हे तिथल्या मेंढपाळाला सांगता यायला पाहिजे, अशी आत्याबाईंची अट होती. यो ताम्बिएन तेंगो ओवेहास. पंधरा दिवस लागले. एकदा जमल्यावर मात्र त्या थांबेनात. रानात म्हणायच्या, हापशावर म्हणायच्या. शेजारच्या बायकांना पाठ झालं. एकदा बाळापूरच्या बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, "मावशी, कुठं जायचं?" तर आत्याबाईंच्या तोंडून तेच बाहेर पडलं. मी घाईघाईनं त्याला अर्थ सांगितला. तो म्हणाला, "बसा. पर मेंढरांचं तिकीट येगळं लागंल." सगळी बस हसली आणि आत्याबाईही, पदर तोंडावर घेऊन, बाळापूर येईपर्यंत.

दिरानं सांगितलं होतं, खूप चालावं लागतं, वहाणा चालणार नाहीत. नांदेडला जाऊन आम्ही पांढरे बूट घेतले. ते पायात मुरावेत म्हणून आत्याबाई महिनाभर तेच घालून मेंढरांमागं फिरल्या. पहिल्या दिवशी मेंढरं त्या बुटांना बुजून बाजूला झाली, आणि मामांनी संधी साधून कळप स्वतःच पुढं नेला. त्या दिवशी आम्हाला कळलं मामा इतक्या लवकर कबूल का झाले ते. त्यांना वर्षानुवर्षं कळप आपल्या पद्धतीनं चालवायचा होता. आत्याबाईंच्या पद्धतीत मेंढरू मनानं चरतं, मामांच्या पद्धतीत रांगेत.

"ईस दिसांत काय रांगा लावतेत ते लावू द्या," आत्याबाई म्हणाल्या. "मी आल्यावर मोडीन."

व्हिसासाठी मुंबईला जावं लागलं. काचेपलीकडं एक तरुण बाई होती, तिकडचीच. तिनं इंग्रजीत विचारलं, प्रवास कशासाठी. मी रात्रभर घोकलेलं उत्तर सुरू केलं, पण आत्याबाईंना तिच्या बोलण्याचा सूर ओळखू आला होता. त्या काचेच्या भोकापाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "यो ताम्बिएन तेंगो ओवेहास."

त्या बाईनं लेखणी खाली ठेवली. "कुआन्तास?" तिनं विचारलं. किती?

हा शब्द आम्ही केला होता. आत्याबाईंनी माझ्याकडं न बघता सांगितलं, "ओचेन्ता." ऐंशी.

ती बाई एवढी हसली की शेजारच्या खिडकीतला माणूस उठून बघायला आला. पण हसून झाल्यावर तिनं कागद तपासले तेव्हा रेशनकार्डावर आत्याबाईंचं नाव सासरचं होतं आणि प्रतिज्ञापत्रात माहेरचं. चूक माझी होती. मी माहेरच्या नावाचं लक्षात घेतलं नव्हतं. पुन्हा कळमनुरी, पुन्हा झाडाखालचे अर्जनवीस, पुन्हा सगळे कागद. व्हिसा हातात आला, तिकिटं पुढं ढकलली, आणि मी कॅलेंडर बघितलं. आम्ही पोहोचणार होतो त्याच्या चार दिवस आधी माद्रिदमधून मेंढरं जाऊन गेलेली असणार होती.

हे आत्याबाईंना कसं सांगायचं? मी दुपारभर घरात निष्कारण भांडी लावत बसले. संध्याकाळी त्या आल्या, पांढरे बूट उंबऱ्याशी काढले, तेव्हा मी एका दमात सांगून टाकलं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

आत्याबाईंनी विचारलं, "मेंढरं मेली का?"

"न्हाई."

"मंग रडून काहून राहिली? शहरातून गेली म्हनजे वाटंनंच असतील की. मेंढरू एका दिसात चालून चालून किती चालंल?" त्या बोटं मोजायला लागल्या. "चार दिस अन् आपले दोन. धाकट्याला म्हनाव, त्या वाटंनं इचारत जा. कळप काय सुई हाय का हरवायला?"

मी रडता रडता हसायला लागले. त्याच रात्री नवऱ्याच्या मोबाईलवरून दिराला फोन केला. तो म्हणाला, माझ्या ऑफिसात एकाचा मामा मेंढपाळांना ओळखतो, मी शोधतो. दोन दिवसांनी त्याचा उलटा फोन आला. एक कळप दक्षिणेकडं निघालाय, रोज कुठं मुक्काम करतो ते त्याला कळत राहणार होतं.

निघायच्या दिवशी निम्मं गाव थांब्यावर आलं. आत्याबाईंनी नऊवारी लुगडं, वर स्वेटर, पायात बूट आणि खांद्यावर आमच्याच लोकरीची नवी घोंगडी घेतली होती. ती तिकडच्या मेंढपाळासाठी. पिशवीत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. विमानाचं मला फारसं आठवत नाही. मी खिडकीला नाक लावून नकाशातले समुद्र ओळखत होते आणि आत्याबाई हवाई सुंदरीकडून सारखी नारंगी मागून घेत होत्या, कारण शब्द येत होता.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी दिरानं मित्राची गाडी आणली आणि आम्ही शहराबाहेर पडलो. दीड तास गेला. दोन्ही बाजूंना पिवळं वाळलेलं गवत, लांब लांब उभी बुटकी दाट झाडं. आत्याबाई म्हणाल्या, चारा बरा हाय. मग पुढं गाड्या थांबलेल्या दिसल्या. एकामागं एक सहा. दिरानं गाडी त्यांच्या मागं उभी केली आणि काच खाली घेतली.

"अपघात झाला की काय," तो म्हणाला.

आत्याबाईंनी हात वर केला. घंटांचा आवाज येत होता. किणकिण नाही, जाड, मंद, पुष्कळ घंटांचा. मग वळणावर धुळीत पाठी दिसल्या. रस्ता भरून.

दिरानं दार उघडलं. "चल माय, उतर. हेच ते."

"थांब रे," आत्याबाई म्हणाल्या. त्या सीटवर मागं रेलून बसल्या. "कोनी हॉर्न न्हाई वाजवून राहिलं."

खरंच नव्हतं वाजवत. पुढच्या गाडीतला माणूस पेपर वाचत होता. त्याच्या पुढच्या गाडीतल्या दोन बायका खाली उतरून बोनेटला टेकून बोलत उभ्या होत्या.

"जरा बसू दे," आत्याबाई म्हणाल्या. "मी आजपतूर गाड्यांच्या पुढंच चालले. मागं कंदी बसले न्हाई."

आम्ही बसून राहिलो. पाच मिनिटं असतील, जास्तही असतील. दिरानं इंजिन बंद केलं. मग आत्याबाईंनीच दार उघडलं, घोंगडी सावरली आणि त्या सहा गाड्यांच्या कडेनं झपझप निघाल्या. मी मागं पळाले. कळपाच्या शेवटाला एक म्हातारा मेंढपाळ होता, हातात लांब काठी, सोबत दोन कुत्रे. लुगडं नेसलेली, पांढरे बूट घातलेली बाई येताना पाहून तो थांबलाच. मी वाक्याची वाट बघत होते. आत्याबाईंनी तोंड उघडलं आणि वर्षभर घोकलेलं सगळं गेलं. त्या माझ्याकडं वळल्या. शेवटी ते मीच ओरडले, "यो ताम्बिएन तेंगो ओवेहास."

म्हाताऱ्यानं माझ्याकडं आदरानं पाहिलं. "कुआन्तास?"

"ओचेन्ता," मी म्हटलं. मला आयुष्यात एक मेंढी धरता आली नव्हती.

आत्याबाईंचं तिकडं लक्ष नव्हतं. त्या एका मेंढीकडं बघत होत्या. मग काही न विचारता त्या कळपात शिरल्या, तिला बगलेत धरून तिचा मागचा पाय उचलला आणि म्हाताऱ्याला हाक मारली, "ओ दादा, इकडं या." तो आला. खुरात काटा होता. एकानं धरली, एकानं काढला. दोघंही आपापल्या भाषेत त्या मेंढीला रागावत होते.

त्यानंतर आम्ही चालायला लागलो. त्यानं पाव आणि चीज दिलं, आत्याबाईंनी धपाटे दिले. घोंगडी दिली तेव्हा त्यानं ती आधी नाकाशी धरून वास घेतला, मग दोन बोटांत पीळ चाचपला, आणि लगेच खांद्यावर टाकली. एक एक करत मागच्या गाड्या कडेनं पुढं निघून गेल्या, शेवटी दिराचीच तेवढी हळूहळू मागं येत राहिली. ऊन कलायला लागलं तेव्हा त्यानं काचेतून डोकं काढलं.

"माय, चल आता. गाडी परत द्यायची हाय."

"तू जा," आत्याबाई न थांबता म्हणाल्या. "आमी येतो."

"येतो कशी? शंभर किलोमीटर आलोय आपून."

आत्याबाई म्हाताऱ्याची काठी मागून घेऊन पुढच्या मेंढरांना वळवायला गेल्या. दिरानं माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले. त्यानं मित्राला फोन लावला, गाडी उद्या देतो म्हणाला, ती झाडाखाली उभी केली, आणि ऑफिसच्या बुटांनिशी उतरून कळपाच्या डाव्या अंगाला चालायला लागला, लहानपणी त्याची जी बाजू असायची तिकडून.